लाल ठिपक्याच्या शिंपल्या

हुंगणीने त्या सकाळी एकाच जिवाला दोन नावं दिली, आणि मी पहिला संशय हुंगणीवरच घेतला.

हुंगणी हे आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र, कुकरएवढं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे. हुंगणी हे मी ठेवलेलं. तिच्यात ओढ्याचं पेलाभर पाणी ओतायचं. पाण्यात जे जे जगतं ते मागे काहीतरी सोडतं, खवल्याचा कण, लाळ, विष्ठा. त्यातला डीएनए वाचून ती सांगते, इथे अमका मासा आहे, तमकं शेवाळ आहे. थांगसुमच्या ओढ्यात ती रोज तीच तीच नावं घ्यायची. त्यात एक असायचं काळ्या शिंपीचं. नखाएवढी शिंपी, लडाखच्या या एका तळ्यात आणि त्याच्या ओढ्यातच राहणारी, बर्फाखाली अख्खा हिवाळा काढणारी.

पेशीत वारसा दोन जागी लिहिलेला असतो. केंद्रकात सगळा कारभार: रंग, आकार, चालरीत. आणि केंद्रकाबाहेर, तंतुकणिकांमध्ये, थोडासा. तंतुकणिका म्हणजे पेशीच्या चुली. ऊब आणि ताकद तिथे शिजते. त्या सकाळी पडद्यावर आलं: चुली काळ्या शिंपीच्या, केंद्रक पिवळ्या शिंपीचं.

पिवळी शिंपी गरम मुलखातल्या नद्यांमधली. जगभर पसरली आणि जाईल तिथले पाइप बुजवून बसली. एकीच्याच अंगात नर आणि मादी दोन्ही. एक शिंपी पुरते अख्खी नदी भरायला. तिला अडवते ती फक्त थंडी. पाणी साधारण पंधरा अंशांच्या खाली गेलं की तिचं जनन थांबतं. म्हणून थंड देशांत ती सापडते ती वीजकेंद्रांच्या गरम सांडपाण्याजवळ, शेकोटीला चिकटून बसल्यासारखी.

आणि बाहेर जानेवारी होता. बादलीतलं पाणी दारापर्यंत आणेस्तोवर वर पापुद्रा धरत होतं.

म्हणजे कोणीतरी ती शिंपी इथे आणली होती. आणि ती इथे वाढत असेल, तर ओढ्याचं पाणी नोंदवहीत लिहिलं जातं त्याहून गरम होतं. ते पाणी कोणाच्या हातात होतं? उन्मेषच्या. उन्मेष माझा नवरा.

थांगसुममध्ये जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. त्याच्यावर वीज करणाऱ्या केंद्राचा उन्मेष अभियंता. वीज झाली की उरलेलं गरम पाणी नळ्यांतून गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतींत फिरतं आणि मग ओढ्याने तळ्यात जातं. तळ्याला धक्का लागू नये म्हणून ते निववून सोडायचं, असा करार आहे. शिवाय गावसभेचा एक ठराव आहे: परका जीव ज्या घरातून सुटेल त्या घराची गरम नळी हिवाळाभर बंद. इथल्या हिवाळ्यात याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

मी पडदा बंद केला आणि कोणालाच काही न बोलता घरी गेले. जुईची दूध प्यायची वेळ झाली होती.

*

जुई सात महिन्यांची. दिवसा तिला आचे कुन्झेस सांभाळते. आचे म्हणजे ताई. चाळिशीची, गालांवर थंडीने कायमची लाली, घरी म्हातारे वडील. आमच्याशी ती हिंदीत बोलते, नावाला आपल्या ‘जी’सारखं ‘ले’ जोडून, पण माझ्या सासूबाईंनी सप्टेंबरात येऊन तिला ‘अगो बाय’ शिकवून ठेवलंय, आणि जुईने दुपटं ओलं केलं की ती तेच म्हणते.

सासूबाई आल्या होत्या त्या माझ्या दुधाची काळजी घेऊन. आमच्याकडे, कोकणात हर्णैच्या बाजूला, बाळंतिणीला तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, पाणी देतात. डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी त्या जिवंत आणल्या, दरीच्या नाक्यावरच्या तपासनिसाला लाडू खायला घालून. मला फक्त गाळलेलं पाणी मिळायचं, मिरी घातलेलं. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या, “बाईवर लक्ष ठेव गो. टोपातल्या कमी झाल्यान.” मी हसले होते. समुद्राच्या तिसऱ्या कोण चोरतंय?

आणि जुईचा पापा घेऊन, “नाक उन्मेषचं, कपाळ उन्मेषचं, झोपायची तऱ्हासुद्धा त्याचीच. तुझं काय घेतलंन हिने?”

त्या दुपारी उन्मेष जेवायला आला तेव्हा त्याचे बूट घोट्याच्या वरपर्यंत ओले होते. केंद्रात बसणाऱ्या माणसाचे.

“ओढ्याचं तापमान किती आहे रे सध्या?” मी विचारलं.

“रोज लिहितो की. वाच.”

“वाचलं. खरं किती आहे?”

त्याचा घास थांबला. “म्हणजे काय?”

“काही नाही. बूट ओले दिसले.”

“जाळीत बर्फ अडकला होता.” मग माझ्याकडे न बघता, “शलाका, तुला मला काही सांगायचंय का?”

“मला? तुला नाही ना काही सांगायचं?”

“वरण छान झालंय,” तो म्हणाला. वरण करपलं होतं.

तो गेल्यावर मी जुईचं टोपडं काढायला कपाट उघडलं. खणात माझी लाल नेलपॉलिशची बाटली होती. बाळंतपणाआधी विकत घेतलेली, एकदाही न लावलेली. ती अर्धी झाली होती. आणि उन्मेषच्या खुंटीवरच्या जुन्या हातमोज्याला, अंगठ्यापाशी, तसाच लाल कपचा चिकटलेला.

या दरीत सगळ्या बायकांचे हात मे महिन्यापर्यंत हातमोज्यांत असतात; नखं रंगवून दाखवणार कोणाला? तरीही मनात नको तो विचार आला. आला, खोटं कशाला बोलू.

*

दुसऱ्या दिवशी जुईला झोपवून मी ओढ्यावर गेले. गावाच्या खाली, जिथे पाण्यावर बर्फाची साय धरते, तिथून काळ्या शिंपल्या वेचल्या आणि त्यांतली एक सूक्ष्मदर्शकाखाली उघडली.

थंड मुलखातली शिंपी पिल्लं पाण्यात सोडून मोकळी होत नाही. अंडी फळतात ती आईच्या कल्ल्यांमध्ये. ज्याने ती श्वास घेते त्याच पडद्यांच्या घड्यांत पिल्लं धरून ती हिवाळा काढते, आणि वसंतात पाणी ऊन झालं की बाहेर सोडते. माझ्या समोरच्या शिंपीच्या घड्या गच्च भरलेल्या होत्या. रव्याच्या दाण्यांसारखी पिल्लं.

मी त्यातला एक दाणा हुंगणीला दिला. चुली काळ्या, केंद्रक पिवळं.

मग कळलं.

पिवळ्या शिंपीची एक रीत शास्त्रज्ञांना जुनी ठाऊक आहे. तिचा शुक्राणू अंड्यात शिरला की अंडं आईचं केंद्रक बाहेर टाकतं. बाळ पूर्ण बापाचं, बापाची नक्कलच. आईचं उरतं ते फक्त अंड्याचं घर आणि घरातल्या चुली. कधी कधी हा शुक्राणू दुसऱ्या जातीच्या शिंपीच्या अंड्यातही शिरतो. इथे तेच झालं होतं. पिवळीला थंडी सोसत नव्हती ती तिच्या चुलींमुळे. आता तिला थंडीतल्या चुली आयत्या मिळाल्या होत्या. थंडीची भिंत पडली होती. वसंतात ही पिल्लं तळ्यात उतरणार, आणि काही वर्षांत काळी शिंपी संपणार, स्वतःच्याच कल्ल्यांत परक्यांना वाढवून.

तिला कळलेलं नव्हतं. काचेखालीही ती कल्ले मिटून घ्यायला बघत होती, आतल्यांना जपत.

मला पान्हा फुटला. कुर्ता भिजला. मी शाल ओढून घेतली आणि घराकडे धावले.

*

जुईच्या खुळखुळ्याचा स्क्रू ढिला झाला होता. पेचकस शोधायला मी उन्मेषची अवजारपेटी उघडली. पेचकसाखाली बिस्किटांचा डबा होता, डब्यात पाणी, पाण्यात पिवळ्या शिंपल्या. जिवंत. आणि प्रत्येकीच्या पाठीवर लाल ठिपका.

उन्मेष दारात उभा होता. कधी आला कळलं नाही.

“सापडलं तर,” तो म्हणाला.

“कोणाला पाठीशी घालतोयस?”

“कोणाला म्हणजे? तुला!”

“मला?”

“ओढ्यातल्या जाळीवर आल्या होत्या. रंग ओळखला मी. तुझ्या बाटलीचा. मला वाटलं, खुणा करून सोडल्यास. प्रयोग म्हणून.”

“मी परका जीव सोडीन ओढ्यात? मी?”

“आणि वर मलाच तापमान विचारत होतीस! म्हटलं, बाई माझ्यावर ढकलणार. रोज बुटांत पाणी घालून शोधत फिरतोय, दुसऱ्या कोणाला सापडायच्या आधी.”

“गावसभेत का नाही दिल्यास?”

“नळी तोडतील आपली. घरात हे बोटभर पोर.” त्याने डबा माझ्या हातातून घेतला. “तुला काय वाटलं? कोणाची नखं रंगवत होतो?”

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. “शलाका! या दरीत? हातमोज्यांवरून?”

हसू यायला हवं होतं. येत होतंही. पण तेवढ्यात आतल्या खोलीतली अंगाई थांबली. आम्ही दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

मी आधी हर्णैला फोन लावला.

“आई, त्या तिसऱ्या कुठून घेतल्या होत्या?”

“खाडीतल्या कशा टिकतील गो इतक्या लांब?” सासूबाई म्हणाल्या. “नदीतल्या घेतल्या. पाणी तेच की. का? जुईला बरं नाही?”

“बरी आहे. तुम्ही त्या रात्री टोपात ठेवल्या होत्या ना?”

“वाळू ओकायला. तुला सांगितलं होतं ना, कमी झाल्यान म्हणून? तू हसलीस.”

*

कुन्झेसने जुईला मांडीवरून खाली ठेवलं नाही. डब्याकडे बघून तिने नुसती मान हलवली.

“सकाळी मी झाकण काढलं, शलाका-ले. सगळ्या उघडून, जीभ बाहेर काढून बसलेल्या. अगदी हिच्यासारख्या. आणि आजी पाणी उकळत होत्या.” ती जुईचा पाय चोळत होती. “हिला तेव्हा खोकला होता. आठवतो?”

आठवतो. छाती वाजायची. आम्ही लेहला न्यायची गाडी ठरवली होती, मग खोकला आपोआप गेला होता.

“आमच्यात मरायला निघालेला जीव सोडवतात. ज्याच्या नावाने सोडवू त्याला आयुष्य लागतं. मेंढी सोडली तर तिच्या कानात लाल फीत बांधतात, पुढे कोणी कापू नये म्हणून.” तिने ओठ मिटले. “शिंपीला कान कुठे असतो?”

“म्हणून नेलपॉलिश,” उन्मेष म्हणाला.

“मागणार होते. पण आजी म्हणाल्या असत्या, बाई चोरटी आहे.”

“आचे, कुठे सोडल्यास?” मी विचारलं. “या डब्यातल्या थोड्या आहेत. बाकीच्या पाण्यात आहेत अजून. हुंगणी ओढा सांगते, दगड सांगत नाही. त्या काढल्या नाहीत तर त्या परत परत तेच करतील.”

“काढून काय करणार?”

नियम सगळ्यांना माहीत होता. “उकळत्या पाण्यात.”

“मग नाही सांगणार.”

“सभेला कळलं तर तुझी नळी...”

“तोडू देत. माझ्या आबा-लेंनी याहून वाईट हिवाळे काढलेत.” तिने जुईला छातीशी ओढलं. “हिच्या नावाने सोडलेला जीव, हिच्या आईने उकळायचा? असं करत नाहीत. तुझा विश्वास नसेल. नसू दे. मी सोडवताना हिचं नाव घेतलंय.”

मी पाण्याचा अभ्यास केलेली बाई. खोकला कशाने जातो मला ठाऊक आहे. तरीही मी जुईकडे पाहिलं, आणि ती श्वास कसा घेतेय ते ऐकलं.

तिच्या श्वासाचा आवाज ऐकता ऐकताच मला सुचलं. थंडी पिवळीला लगेच मारत नाही. आधी नुसतं थांबवते. पाणी पंधरा अंशांच्या खाली पण गोठण्याच्या वर राहिलं, तर ती जगते, वाढत नाही. या जाती तीन-चार वर्षं जगतात. ओढ्याबाहेर, थंड टोपात, आयुष्य संपेपर्यंत.

मी सांगितलं. कुन्झेसने मला नीट निरखलं, बाजारात कोणी जुनं लोणी नवं म्हणून देत असावं तसं.

“कोणी बघितलंय, रोज थंड ठेवशील ते?”

“तू बघ. रोज येतेसच ना.”

“ठिपका पुसणार नाहीस?”

“नाही.”

“बाटली माझ्याकडे दे,” ती म्हणाली. “फिका झाला तर मी लावीन.”

*

केंद्राचं पाणी ओढ्यात पडतं तिथे कोमट डोह आहे. बायका तिथे लोकर धुतात. त्यांच्या बसायच्या दगडाखाली कुन्झेसने हात घातला आणि एकेक बाहेर काढली, प्रत्येकीचा ठिपका अंगठ्याने चाचपून. खाली काळ्या शिंपल्यांच्या वस्तीपर्यंत पिवळ्यांचे शुक्राणू वाहून जायला ते पाणी पुरेसं होतं. उन्मेषचा आकडा खरा होता. तापमान करारातलंच होतं. एवढ्याशा उबेत भागलं होतं.

पण काळ्या आयांचं काय करायचं? त्या मारल्या तर जात संपणार, ठेवल्या तरी संपणार. शिंपी घाबरली, तिचा श्वास कोंडला, की कल्ल्यांतली पिल्लं अवेळी टाकून देते. मी तेच करायचं ठरवलं. गावाला सांगितलं ते एवढंच: काळ्या शिंपीच्या पोटात परकं वाढतंय, वेचायला चला. सगळे आले. टबांमध्ये पाणी एकदम ऊन केलं, हवा कमी केली, आणि गाळण म्हणून जुईची दुपटी धरली. मऊ, धुऊन धुऊन विरलेली. त्यांच्यावर रव्यासारखा थर जमत गेला. रिकाम्या झालेल्या आया आम्ही पुन्हा बर्फाखाली नेऊन ठेवल्या.

“तिला समजतं का, आतली आपली नव्हती म्हणून?” कुन्झेसने विचारलं.

“नाही.”

“बरं आहे.” मग दुपट्याचं टोक सारखं करत, “आणि त्यांच्यात तिचं काहीच नव्हतं?”

“चूल होती तिची. तेवढ्यावरच ती थंडीत जगली.”

कुन्झेस दुपट्यावरच्या दाण्यांकडे बघत राहिली. ते दाणे कोणाच्या नावाने सोडलेले नव्हते. दुपटी उकळायचं काम मी केलं. तेवढा वेळ ती जुईला घेऊन बाहेर गेली, आणि आम्ही दोघी त्याविषयी पुन्हा बोललो नाही.

*

गावसभा गोबा नोर्बूंच्या अंगणात भरली, उन्हात. गोबा म्हणजे गावचा मुखिया. खाणाखुणा लपत नाहीत. लाल ठिपक्यांची गोष्ट एव्हाना पोराटोरांपर्यंत गेली होती. लोक एकमेकांच्या दारांकडे बघत होते. कुन्झेसच्या वडिलांनी घोंगडी डोक्यावरून घेतली होती.

“परका जीव कुठल्या घरातून सुटला?” नोर्बूंनी विचारलं.

कुन्झेस उठायला लागली. मी जुईला कडेवर घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

“आमच्या.”

“सोडला कोणी?”

“ठराव ‘कोणी’ विचारत नाही, गोबा-ले. ‘कुठल्या घरातून’ विचारतो. शिंपल्या आमच्या सामानात आल्या, आमच्या टोपात भिजल्या, आमच्या दारातून गेल्या.”

त्यांनी डोळे बारीक केले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे स्पष्ट होतं. “आणि रंग?”

“बाटली माझी.”

“हात दाखव.”

मी हातमोजा काढला. नखं कोरी, सोड्याने फुटलेली. बायका तोंडावर ओढण्या घेऊन हसल्या. नोर्बूंनी माझी नखं पाहिली, मग कुन्झेसकडे पाहिलं, खूप वेळ. मग म्हणाले, “ठरावात नखांचं काही नाही.”

आमच्या घराची नळी बंद करायचं काम अर्थातच अभियंत्याकडे आलं. उन्मेषने पाना घेऊन स्वतःच्या घराची चावी फिरवली. परत आला तेव्हा कान लाल झाले होते.

“आईला काय सांगायचं?” त्याने विचारलं.

“की पुढच्या खेपेला मेथीचे लाडू आणा.”

*

आता आमच्या स्वयंपाकघरात बुखारी पेटते. लोखंडी शेगडी, शेण आणि लाकडं खाणारी. तिच्या उबेत आम्ही तिघं राहतो. जमिनीवर अंथरूण, दोरीवर दुपटी. मागची खोली गारठलेली, पण गोठत नाही, कारण मधलं दार मी बोटभर उघडं ठेवते. शिंपल्यांचा टोप तिथे आहे. नळी असती तर एवढी थंड जागा घरात मिळाली नसती.

मी रोज ओढ्याचं पाणी हुंगणीत ओतते. रोज काळी शिंपी एकाच नावाने येते. मी पुन्हा ओतते. माझा अजून विश्वास बसत नाही. वसंत येऊन गेल्याशिवाय बसणारही नाही.

कुन्झेसचाही बसत नाही. ती सकाळी आली की जुले, म्हणजे नमस्कार, म्हणायच्या आधी मागच्या खोलीत जाते. बाही सारून टोपात हात घालते, एकेकीचा ठिपका चाचपते. सासूबाई फोनच्या पडद्यातून बघत असल्या तर विचारतात, “ती बाई आत काय करते गो?” मी सांगते, जुईच्या वाटणीचं काम करते.

मग तो ओला, बधिर झालेला हात ती बुखारीवर धरून शेकते, नीट सुकवते आणि जुईच्या रजईखाली पायांशी सारते. जुईचं नाक उन्मेषचं आहे, कपाळही. बाहेर पाण्याचा दगड होत असतो.

“पाणी थंड,” कुन्झेस मला सांगते. जरा थांबते, हात तिथेच ठेवून खात्री करून घेते.

“पाय गरम.”